टेबल बनवताना कोण काय गपचूप गिळतं: मायएस्क्यूएल, मारियाडीबी, एस्क्यूलाइट आणि पोस्टग्रेसची पारख

‘क्वेरी ओके, ० रोज अफेक्टेड, २ वॉर्निंग्ज.’ टेबल बनवल्यावर पडद्यावर येणाऱ्या या ओळीतलं ‘ओके’ सगळे वाचतात, मागच्या दोन वॉर्निंग्ज कुणी उघडून बघत नाही. आपल्याकडच्या हिशोब-सॉफ्टवेअरमध्ये तर ही ओळ दिसायचा प्रश्नच नसतो, कारण टेबलं इन्स्टॉलर बनवतो आणि इन्स्टॉलरला वॉर्निंगशी काही घेणंदेणं नसतं. जिनिंगच्या वजनकाट्याचा हिशोब, रावेर-यावलकडची केळीची पट्टी, जळगावच्या दाळ मिलचा स्टॉक, नंदुरबारच्या मिरचीची आवक, पतसंस्थेची खाती अशा कामांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं तर ऑफिसात मायएस्क्यूएल किंवा मारियाडीबी आणि खरेदी केंद्रावरच्या फोनमध्ये एस्क्यूलाइट, हीच डेटाबेसची नावं आधी समोर येतात. पोस्टग्रेस मागाहून.

या पारखीत वेग, किंमत, बॅकअप असलं काही नाही. एकच प्रश्न आहे: टेबल बनवताना चुकीचा ऑप्शन दिला तर हे सॉफ्टवेअर तोंडावर ‘नाही’ म्हणतं, की मान डोलावून स्वतःला हवं ते करतं? मत आधीच सांगतो. पोस्टग्रेस सगळ्यांत खडूस, म्हणून सगळ्यांत भरवशाचं. मायएस्क्यूएल ८ बऱ्यापैकी सुधारलेलं. मारियाडीबी तुमच्या कॉन्फिग फाइलइतकंच चांगलं. आणि एस्क्यूलाइट म्हणजे बाजारातला असा मापाडी, की पोत्यावर काहीही लिहा, तो उचलून ठेवणार.

सर्वांत महागात पडते ती इंजिनच्या नावातली चूक. इंजिन म्हणजे टेबलातला डेटा प्रत्यक्ष ठेवणारा भाग; इनोडीबी आणि मायआयसॅम ही त्यातलीच दोन. ‘इंजिन=इनोडीबी’ लिहिताना एक अक्षर सुटलं, किंवा त्या सर्व्हरवर ते इंजिनच चालू नसलं, तर टेबल बनायलाच नको. पण एस्क्यूएल मोडमध्ये, म्हणजे सर्व्हरनं किती कडक वागायचं ते ठरवणाऱ्या शब्दांच्या यादीत, ‘नो_इंजिन_सबस्टिट्यूशन’ हा शब्द नसेल तर मायएस्क्यूएल आणि मारियाडीबी दोघंही वॉर्निंग १२८६ देतात, म्हणजे हे इंजिन ओळखीचं नाही. लगेच १२६६ देतात, म्हणजे त्याऐवजी अमुक इंजिन वापरलं. आणि डिफॉल्ट इंजिनमध्ये टेबल बनवून मोकळे होतात. मायएस्क्यूएल ५.५ च्या आधी हे डिफॉल्ट इंजिन मायआयसॅम होतं. ५.१ च्या काळातला एक नमुना तर जुन्या मशिनींवर अजून पाहायला मिळू शकतो: कॉन्फिगमध्ये इनोडीबीच्या लॉग फाइलचा आकार बदलला, जुन्या लॉग फाइली तशाच राहिल्या, की इनोडीबी सुरू व्हायचं नाही. सर्व्हर मात्र सुरू व्हायचा. त्यानंतर इनोडीबी म्हणून मागितलेलं प्रत्येक टेबल मायआयसॅममध्ये बनायचं.

यानं बिघडतं काय, ते केळीच्या पट्टीवर बघा. एक पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात जमा, व्यापाऱ्याच्या खात्यात नावे, हमाली-तोलाईची कपात आणि गाडीच्या वजनाची नोंद. चारही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हव्यात, म्हणजे झाल्या तर चारही, नाहीतर एकही नाही. दोन नोंदींनंतर लाइट गेली तर इनोडीबी पुन्हा सुरू होताना त्या दोन्ही मागे घेतं. मायआयसॅममध्ये त्या तशाच राहतात: शेतकऱ्याला जमा आहे, व्यापाऱ्याच्या नावे काहीच नाही. प्रोग्रॅमनं स्वतःहून ‘रोलबॅक’ (केलेलं मागे घे) दिला तरी मायआयसॅम फक्त वॉर्निंग ११९६ देतं, की काही बदल मागे घेता आले नाहीत. वर मायआयसॅम टेबलात लिहिलेली फॉरेन की, म्हणजे नोंद दुसऱ्या टेबलात असलेल्या खात्याचीच हवी ही अट, वाचली जाते आणि सोडून दिली जाते. तिथे तर वॉर्निंगसुद्धा येत नाही.

मायएस्क्यूएल ५.६.६ पासून आणि मारियाडीबी १०.१.७ पासून ‘नो_इंजिन_सबस्टिट्यूशन’ डिफॉल्टमध्येच असतं. मग काळजी मिटली? नाही, कारण तो शब्द तीन वाटांनी गळतो.

पहिली वाट कॉन्फिग फाइलची. एस्क्यूएल मोडची ओळ तिथे हातानं लिहिली की डिफॉल्ट पूर्ण पुसलं जातं. ओळीत जेवढं लिहिलंय तेवढंच लागू होतं, आधीच्यात भर पडत नाही.

दुसरी वाट प्रोग्रॅमची. मायएस्क्यूएल ५.७ वर जुनी पीएचपी अ‍ॅप्स ‘ओन्ली_फुल_ग्रुप_बाय’च्या (बेरजेच्या रिपोर्टमधले संदिग्ध कॉलम नाकारणारा मोड) एररनं अडायला लागली, तेव्हा सगळीकडे एकच गावठी औषध फिरलं: कनेक्शन उघडलं की एस्क्यूएल मोड रिकामा करायचा. एरर जाते, पण तिच्यासोबत इंजिनची राखण, स्ट्रिक्ट मोड (चुकीचं मूल्य नाकारणारा), सगळंच जातं. रिपोर्टची क्वेरी दुरुस्त करणं हा खरा उपाय. अगदीच जमत नसेल तर मोडमधून फक्त तो एक शब्द काढावा, बाकीचे राहू द्यावेत.

तिसरी वाट फार कमी जणांच्या लक्षात येते. मायएस्क्यूएल-डंपनं काढलेल्या बॅकअप फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते. ती चालू मोड बाजूला ठेवते आणि त्या सेशनपुरता मोड फक्त ‘नो_ऑटो_व्हॅल्यू_ऑन_झिरो’ करते. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या एक्स्पोर्टमध्येही असाच मोड लावलेला असतो. म्हणजे सर्व्हर कितीही कडक ठेवा, बॅकअप परत भरताना प्रत्येक ‘क्रिएट टेबल’ ढिल्या मोडमध्येच चालतं. त्या सर्व्हरवर नसलेल्या इंजिनचं टेबल भरलं तर ते गुपचूप डिफॉल्ट इंजिनमध्ये जाऊन बसतं. आणि फाइल कमांड लाइनवरून ढकलली असेल तर क्लायंट वॉर्निंग दाखवतच नाही. ‘शो-वॉर्निंग्ज’ हा स्विच हातानं द्यावा लागतो. भरण्याआधी फाइल एडिटरमध्ये उघडून त्या ओळीत स्वल्पविराम देऊन ‘नो_इंजिन_सबस्टिट्यूशन’ जोडावं. दोन मिनिटांचं काम आहे. ‘स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स’ही जोडता येतं, पण जुन्या डेटात वाकडीतिकडी मूल्यं असतील तर भरणं मध्येच अडेल, त्याची तयारी ठेवून. त्याच फाइलीत ‘फॉरेन_की_चेक्स’ शून्य केलेलं असतं. शेवटी ते पुन्हा एक होतं खरं, पण मधल्या काळात भरलेल्या ओळी कुणी मागे जाऊन तपासत नाही. खातं नसलेल्या शेतकऱ्याची पट्टी अशीच आत शिरते.

इंजिन एकदाचं बांधून टाकायचं असेल तर मायएस्क्यूएल ५.७.८ पासून ‘डिसेबल्ड_स्टोरेज_इंजिन्स’मध्ये मायआयसॅम लिहून त्याला दार बंद करता येतं. मारियाडीबीत १०.१.४ पासून ‘एन्फोर्स_स्टोरेज_इंजिन’ आहे. फक्त एक ध्यानात ठेवावं: इथेही सबस्टिट्यूशनची बंदी मोडमध्ये असेल तरच एरर येते. नसेल तर तुम्ही मागितलेलं इंजिन बदलून सक्तीचं इंजिन लावलं जातं आणि वॉर्निंग मिळते. मालाच्या दृष्टीनं बरं, पण सांगितलं एक नि झालं भलतंच, ही तक्रार तशीच राहते.

आता मारियाडीबीची स्वतःची खोड. मायएस्क्यूएलमध्ये टेबलाच्या ऑप्शनची यादी व्याकरणातच पक्की आहे, त्यामुळे अनोळखी शब्द दिला की सरळ १०६४, सिंटॅक्स एरर. मारियाडीबीनं ५.२ पासून प्रत्येक इंजिनला स्वतःचे ऑप्शन ठेवायची मुभा दिली. त्यामुळे तिथे कोणताही ‘शब्द=मूल्य’ व्याकरणात बसतो आणि तो खरा की खोटा हे इंजिनला विचारून ठरतं. अनोळखी ऑप्शनला एरर १९११, चुकीच्या मूल्याला १९१२. इथवर चोख. पण एस्क्यूएल मोडमध्ये ‘इग्नोर_बॅड_टेबल_ऑप्शन्स’ असेल तर त्याच एररची वॉर्निंग होते, टेबल बनतं, आणि तो निरर्थक ऑप्शन टेबलाच्या व्याख्येत जपूनही ठेवला जातो.

पतसंस्थेच्या खात्यांच्या टेबलाला ‘एन्क्रिप्टेड=यस’ द्यायचं होतं आणि स्पेलिंग चुकलं, असं धरा. या मोडमध्ये टेबल बनेल, ‘शो क्रिएट टेबल’मध्ये तो चुकलेला शब्द दिसेलही, आणि डिस्कवर खाती उघडीच राहतील. तपासणीला आलेल्या माणसाला छापील व्याख्या दाखवली तर त्याचंही समाधान होईल, हा त्यातला खरा धोका. हा मोड बंद असताना मारियाडीबी एक चांगली गोष्ट करतं: जो ऑप्शन सध्याच्या इंजिनला लागू नाही, तो ‘शो क्रिएट टेबल’मध्ये कॉमेंटच्या खुणांमध्ये टाकून दाखवतं. ‘ऑल्टर टेबल’नं इंजिन बदललं की आधीच्या इंजिनचे ऑप्शन असे मागे उरतात. कॉमेंटमधला ऑप्शन दिसला की समजावं, तो नावापुरता आहे.

मारियाडीबीच्या आरिया इंजिनमधल्या ‘ट्रान्झॅक्शनल=१’बद्दलही इथेच सांगून टाकू, कारण नाव फसवं आहे. हा ऑप्शन बरोबर आहे, स्वीकारला जातो, कामही करतो. पण काम एवढंच की सर्व्हर धाडकन बंद पडला तर टेबल सावरतं. रोलबॅक त्यातून मिळत नाही. पट्टीचं टेबल आरियात ठेवू नये.

इनोडीबीचा स्वतःचा कडकपणा वेगळा असतो. त्याचं बटण ‘इनोडीबी_स्ट्रिक्ट_मोड’, आणि एस्क्यूएल मोडमधल्या स्ट्रिक्टशी त्याचा संबंध नाही. या दोघांची गल्लत जाणत्या लोकांकडूनही होते. मायएस्क्यूएल ५.७.७ आणि मारियाडीबी १०.२.२ पासून ते डिफॉल्ट चालू आहे. नेहमीचा नमुना: जागा वाचवायला कुणीतरी ‘की_ब्लॉक_साइज=८’ लिहितं आणि सोबत ‘रो_फॉरमॅट=डायनॅमिक’ (ओळ डिस्कवर कशी मांडायची ते) ठेवतं. हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत, कारण की ब्लॉक साइज फक्त कॉम्प्रेस्ड फॉरमॅटला लागते. बटण चालू असेल तर टेबल बनत नाही. बंद असेल तर वॉर्निंग १४७८ येते, टेबल साधंच बनतं, पण व्याख्येत ‘की_ब्लॉक_साइज=८’ छापलेलं राहतं. डिस्क मात्र पूर्वीसारखीच भरते. खरं-खोटं बघायला ‘इन्फर्मेशन_स्कीमा’च्या ‘टेबल्स’मध्ये दोन कॉलम शेजारी ठेवावेत: ‘क्रिएट_ऑप्शन्स’ म्हणजे तुम्ही काय मागितलं, ‘रो_फॉरमॅट’ म्हणजे काय मिळालं. त्याच ठिकाणी ‘इंजिन’ कॉलम इनोडीबी नसलेली टेबलं वेगळी काढावीत. एका क्वेरीत सगळा वाडा झाडून होतो.

हे बटण बंद ठेवण्याचा सगळ्यात वाईट परिणाम रुंद टेबलांवर होतो. १६ किलोबाइटच्या पानावर (इनोडीबी डेटा ज्या तुकड्यांत ठेवतं तो एक तुकडा) इनोडीबीला एका ओळीसाठी ८,१२६ बाइटची मर्यादा आहे. डायनॅमिक फॉरमॅटमध्ये लांब मजकूर पानाबाहेर जातो आणि ओळीत २० बाइटचा पत्ता राहतो, पण ४० बाइटपर्यंतचा मजकूर ओळीतच बसतो. पीक पाहणीच्या अर्जासारखं दोनशेच्या वर टेक्स्ट कॉलमचं टेबल केलं तर सगळ्यात वाईट परिस्थितीत ही मर्यादा ओलांडू शकते. स्ट्रिक्ट चालू असेल तर टेबल बनवतानाच नकार मिळतो. बंद असेल तर टेबल बनतं, चाचणीचे अर्धे रिकामे अर्ज आत जातात, आणि भर हंगामात कुणीतरी सगळे रकाने भरले की त्या एकाच अर्जाला १११८ येते. दोष मग अर्ज भरणाऱ्याच्या माथी. देवनागरी मजकुराला अक्षरागणिक ३ बाइट लागतात, काना-मात्रा धरून. म्हणजे १३ खुणांतच ३९ बाइट होतात. इंग्रजीत चाचणी घेऊन पास केलेलं टेबल मराठीत इथेच अडतं.

चेक कन्स्ट्रेंटची गोष्ट थोडक्यात. ‘वजन शून्याहून जास्त हवं’ अशी अट मायएस्क्यूएल ८.०.१६ च्या आधी वाचून फेकून देत असे, वॉर्निंगशिवाय. मारियाडीबी १०.२.१ पासून ती पाळतं. जुन्या मायएस्क्यूएलवरून नव्यावर आलात म्हणून अटी जाग्या होत नाहीत, कारण त्या कधी साठवल्याच नव्हत्या. ‘ऑल्टर टेबल’नं नव्यानं घालाव्या लागतात. आणि वजनाचा रकाना ‘नल’ (रिकामा) असेल तर चेक त्याला अडवत नाही, म्हणून सोबत ‘नॉट नल’ हवंच. फॉरेन कीचंही असंच: कॉलमच्या पुढेच लिहिलेलं ‘रेफरन्सेस’ मायएस्क्यूएल ९.० येईपर्यंत दुर्लक्षित करत आलं आणि मारियाडीबी १०.५ पासून पाळतं. वेगळ्या ओळीत ‘फॉरेन की’ लिहायची सवय ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही.

‘इंट(५)’ म्हणजे पाच अंकी आकडा नव्हे. तो कंस फक्त दाखवण्याच्या रुंदीचा, आणि ८.०.१७ पासून कालबाह्य ठरवलेला. ‘व्हारकॅर(७००००)’ लिहिलं आणि एस्क्यूएल मोड स्ट्रिक्ट नसला तर कॉलम परस्पर टेक्स्ट प्रकारातला होतो आणि नोंद १२४६ येते; स्ट्रिक्टमध्ये एरर १०७४.

एस्क्यूलाइट हे वेगळंच प्रकरण आहे. इथे कॉलमचा प्रकार म्हणून तुम्ही ‘केळी’ लिहिलंत तरी टेबल बनतं. प्रकाराच्या नावात कोणती अक्षरं आहेत एवढंच ते बघतं. ‘इंट’ सापडलं तर पूर्णांक, नाहीतर ‘कॅर’, ‘क्लॉब’, ‘टेक्स्ट’ यांपैकी काही असेल तर मजकूर, ‘ब्लॉब’ असेल किंवा प्रकारच दिला नसेल तर जसं आलं तसं, ‘रिअल’, ‘फ्लोट’ किंवा ‘डबल’ची सुरुवातीची अक्षरं असतील तर अपूर्णांक, बाकी सगळं न्यूमेरिक. यातून गमती होतात. ‘फ्लोटिंग पॉइंट’ हा प्रकार पूर्णांकात मोडतो, कारण ‘पॉइंट’च्या इंग्रजी स्पेलिंगात ‘इंट’ आहे.

नुकसान करणारा शब्द म्हणजे ‘स्ट्रिंग’. दुसऱ्या भाषांच्या सवयीनं लिहिला जातो आणि वरच्या कुठल्याच नियमात बसत नाही, म्हणून न्यूमेरिक ठरतो. शेतकरी कोड ‘००४५’ घातला की ४५ होऊन बसतो. बँक खात्याच्या पुढचे शून्य जातात. लॉट नंबर १२, त्यापुढे इंग्रजी ‘ई’ आणि ५ असा असेल तर त्याचे १२,००,००० होतात, कारण ते त्याला घातांक समजतं. ‘टेक्स्ट’ लिहा, विषय संपला. ‘डेसिमल(१०,२)’ही तिथे दोन दशांश राखत नाही. भाव पैशात, पूर्णांकात ठेवावा.

इलाज आहे: ३.३७ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, टेबलाच्या शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहिता येतं. मग फक्त इंट, इंटिजर, रिअल, टेक्स्ट, ब्लॉब आणि एनी एवढेच प्रकार चालतात, बाकीच्यांना एरर. अडचण अशी की अँड्रॉइड १३ पर्यंतच्या फोनमध्ये साधारणपणे त्याहून जुनं एस्क्यूलाइट येतं आणि तिथे ‘स्ट्रिक्ट’ हाच शब्द एरर ठरतो. गावोगावच्या खरेदी केंद्रांवर जुने फोन असणार हे धरून चालायचं, तर अ‍ॅपसोबत स्वतःचं एस्क्यूलाइट बांधून द्यावं, किंवा ‘टाइपऑफ’ (मूल्याचा प्रकार सांगणारं फंक्शन) वापरून चेक लिहावेत. दुसरा सापळा फॉरेन कीचा. ती डिफॉल्ट बंद असते, प्रत्येक कनेक्शनला ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज=ऑन’ (प्रॅग्मा म्हणजे एस्क्यूलाइटची सेटिंगची आज्ञा) द्यावं लागतं. यातला शेवटचा ‘ज’ विसरलात तर एरर नाही, वॉर्निंग नाही; अनोळखी प्रॅग्मा एस्क्यूलाइट मुकाट सोडून देतं. दिल्यानंतर तोच प्रॅग्मा मूल्याशिवाय विचारावा. उत्तर १ आलं तरच ती चालू झाली.

पोस्टग्रेसबद्दल तक्रार करायला शोधावं लागतं. ‘फिलफॅक्टर’चं (पान किती टक्के भरायचं ते) स्पेलिंग चुकलं तर अनोळखी पॅरामीटर म्हणून एरर, मूल्य ५ दिलं तर १० ते १०० मध्येच चालतं असं सांगून एरर. पण मराठी नावं देणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. टेबलाचं नाव ६३ बाइटपर्यंतच चालतं, पुढचं कापलं जातं, आणि याची एरर नसून नुसती ‘नोटिस’ असते. देवनागरीत ६३ बाइट म्हणजे मात्रांसकट २१ खुणा. ‘रावेर_बाजार_समिती_केळी_खरेदी_मृगबाग’ आणि ‘रावेर_बाजार_समिती_केळी_खरेदी_कांदेबाग’ ही दोन्ही नावं ‘केळी_’ पाशीच तुटतात, म्हणजे टेबल एकच. साधं ‘क्रिएट टेबल’ दुसऱ्या वेळी अडेल. पण इन्स्टॉलरमध्ये ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ असेल, आणि तो असतोच, तर मृगबाग-कांदेबागाची खरेदी एकाच टेबलात मुरते. मायएस्क्यूएलमध्ये मर्यादा ६४ अक्षरांची आहे, बाइटची नाही, त्यामुळे तिथे ही नावं पूर्ण राहतात. ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ मात्र चौघांतही रचना तपासत नाही. नावाचं टेबल दिसलं की पुढे जातं, आतले कॉलम जुने असोत की नवे.

नवीन ठिकाणी सॉफ्टवेअर बसवताना मायएस्क्यूएल-मारियाडीबीसाठी मुद्दाम चुकीच्या टेबलांची एक फाइल चालवून बघावी. इंजिनचं नाव चुकवलेलं टेबल: १२८६ ही एरर म्हणून यायला हवी, वॉर्निंग म्हणून नाही. डायनॅमिक फॉरमॅटला ‘की_ब्लॉक_साइज=८’: टेबल बनता कामा नये. ७०,००० चा व्हारकॅर: १०७४. ‘काहीतरी=१’ असा मनाचा ऑप्शन: मारियाडीबीवर १९११, मायएस्क्यूएलवर १०६४. गठाणीच्या वजनावर चेक लावून १७० किलोच्या जागी उणे १७० घालणं: मायएस्क्यूएल ३८१९ देतं, मारियाडीबी ४०२५. शेवटी नसलेल्या शेतकऱ्याच्या नावानं पट्टी: १४५२. ही फाइल रूट युजरनं कन्सोलवर चालवली तर उपयोग नाही, कारण कन्सोलचा मोड वेगळा नि अ‍ॅपचा वेगळा. अ‍ॅप ज्या कोडमधून कनेक्शन उघडतं त्याच कोडमधून ती चालवायची, आणि प्रत्येक वाक्यानंतर लगेच ‘शो वॉर्निंग्ज’ विचारायचं, कारण पुढचं वाक्य चाललं की आधीच्या वॉर्निंग्ज पुसल्या जातात. जिनिंगवाल्यांनी हे दसऱ्याआधी उरकावं. कापसाच्या गाड्या काट्यावर लागल्या की टेबलाला हात लावू देणारा मालक सापडत नाही.